आमची वाटचाल: टक्का न घेता

आमच्या वकिली फर्मचं नाव या लेखात येणार नाही. बार कौन्सिलचा नियम 36 वकिलांना जाहिरातीची मनाई करतो आणि आम्ही तो पाळतो. न पाळणाऱ्यांची नावं अपघात वॉर्डातल्या वॉर्डबॉयला तोंडपाठ असतात.

सुरुवातीला आम्ही दोघं होतो, मी आणि माझा भागीदार. कामं सगळी एमएसीटीची, म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातली. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाचा सरला वर्मा निकाल आला तेव्हा गुणकांचा तक्ता (मृताच्या वर्षाच्या उत्पन्नाला वयानुसार कितीनं गुणायचं) मी हातानं लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवला: 26 ते 30 वयाला 17, 36 ते 40 ला 15. सुप्रीम कोर्टाच्याच प्रणय सेठी निकालानंतर, 2017 साली, त्याच कागदावर लाल पेनानं भर घातली: स्वतःचा धंदा, वय चाळिशीच्या आत, उत्पन्नात पुढच्या काळासाठी 40 टक्के वाढ धरायची. संगणक आहे, पण अशील समोर बसला की बोट त्या काचेवरच जातं.

मग 'तो' आला, दुसरा एक वकील. पेशंट शुद्धीवर यायच्या आत वकीलपत्रावर अंगठा, आणि भरपाईतला टक्का आधीच ठरलेला. हमी म्हणून अशिलाच्या सहीचे कोरे चेक. फी निकालावर अवलंबून ठेवायची नाही, मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायचा नाही, असं नियम 20 स्पष्ट सांगतो. पण पाय प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाला फी आधी सांगणं किती जड जातं हे मलाही कळतं. आम्ही ठरलेली फी हप्त्यानं घ्यायचो. लोक विचारायचे, "साहेब, ते तर आत्ता काहीच मागत नाहीत!" कोर्टाच्या रोजच्या बोर्डावर आमचं नवं मॅटर दिसेनासं झालं, स्टेनोला सोडावं लागलं, ऑफिसचं भाडं थकलं.

भागीदार म्हणाला, तत्त्वावर भाडं भागत नाही, आणि एका विमा कंपनीच्या पॅनेलवर गेला. जावं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आम्ही दोघांनी मिळून दाखल केलेल्या एका दाव्यात तो कंपनीतर्फे उभा राहिला. अशील कितीपर्यंत तडजोड करेल हा आकडा माझ्याइतकाच त्यालाही ठाऊक होता! मी लेखी हरकत घेतली. त्यानं वकीलपत्र मागे घेतलं, पण बार रूममध्ये अजून माझ्याकडे पाहत नाही.

त्याच पडत्या काळात एक विधवा सासू-सासऱ्यांसोबत आली होती. तिघांचं एकच वकीलपत्र. पुराव्याच्या आधी सासरे एकटे येऊन हळूच म्हणाले, "सून पुन्हा लग्न करील, तिचा वाटा कमी दाखवा." तिघांनाही समोर बसवून सांगितलं, यापुढे मी तुमच्यापैकी कुणाचाच वकील नाही, आणि केसचे कागद परत केले. सासरे थेट 'त्याच्या'कडे गेले. त्या विधवा ताईंनी दुसरा वकील केला, पण पुढं त्यांच्या गावात अपघात झाला की त्या जखमीच्या घरच्यांना घेऊन आमच्याकडेच यायच्या. पोलिसांचे कागद, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं पिशवीत क्रमानं लावलेली. फर्म तगली ती त्या पिशवीवर.

कुणी विचारलं नाही तरी नव्या वकिलांना सांगतो. ट्रकनं उडवलेल्या एकाच मोटारसायकलवरचे दोघे आले तर दोघांचं वकीलपत्र घेऊ नका. मागे बसलेल्याच्या फायद्यासाठी मोटारसायकलच्या विमा कंपनीलाही सामनेवाला करणं हिताचं असतं, आणि तिथं चालवणाऱ्याचा दोष दाखवला की त्याचा स्वतःचा क्लेम कापला जातो. आणि भरपाईची बँकेतली ठेव मुदतीआधी मोडायचा अर्ज लिहिण्यापूर्वी पैसे नक्की कुणाला हवेत ते विचारा. अल्पवयीन आणि अशिक्षित अशिलांची रक्कम ठेवीत ठेवा, असं सुप्रीम कोर्टाच्या सुसम्मा थॉमस निकालात सांगितलंय ते वकिलांसकट सगळ्यांपासून ती वाचावी म्हणूनच.

'त्याच्या'विरुद्ध मी बार कौन्सिलकडे तक्रार दिली होती. ज्यांचे कोरे चेक घेतले होते त्यातला एकही साक्षीला आला नाही. पुढच्या निवडणुकीत तो बार असोसिएशनचा पदाधिकारी झाला, आणि नव्या सनदधारकांना व्यावसायिक नीतिमत्तेवर व्याख्यान द्यायला दरवर्षी त्यालाच बोलावतात.