कानबाईच्या गाण्यांची टेप

मी खान्देशातल्या एका सरकारी रेडिओ केंद्रावर कॅज्युअल अनाउन्सर आहे. महिन्याला सहा ड्युट्या, बाकी दिवस क्लासेस घेतो. श्रावणातली गोष्ट आहे, नागपंचमी होऊन गेलेली आणि रविवारी कानबाई, म्हणजे आमच्या खान्देशातली देवी, बसणार होती. दुपारी गेटवरून फोन आला की अमळनेरकडची एक आजी आलीये, सोबत नातू आहे आणि ती परत जायला तयार नाही.

"भाऊ, मन्ही मायना आवाज तुमनाकडे शे म्हने. माले आयकाडा."

तिच्या आईला गावातल्या बायकांसोबत कधीतरी कानबाईची गाणी म्हणायला स्टुडिओत आणलं होतं. साल विचारलं तर सांगता येईना, पण मानधनाच्या पैशातून आईने पितळी घागर आणली आणि ती अजून घरात आहे एवढं तिला पक्कं माहीत. ड्युटी ऑफिसर मॅडम म्हणाल्या बघ टेप लायब्ररीत, सापडली तर सापडली. रजिस्टरमध्ये नुसतं 'लोकगीते, अहिराणी, महिला गट' असं लिहिलेलं, असे पंधरा-वीस डबे निघाले, त्यातल्या एकाच्या आत क्यूशीट, म्हणजे रेकॉर्डिंगच्या तपशिलाचा कागद, होती आणि तिच्यावर तिच्या गावाचं नाव.

टेप मिळाली पण वाजवायची कशावर? आमच्याकडे स्पूलचं एकच मशीन चालू आहे, ते नीट जाणणारे इंजिनिअर साहेब रिटायर झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. साहेबांना फोन केला, ते बिचारे जेवण अर्धं टाकून स्कूटरवर आले. दमट हवेने टेप चिकट झालेली, दोन मिनिटं वाजली की हेडवर तपकिरी भुकटी जमायची, आवाज बसायचा, मग थांबून स्पिरिटने पुसायचं आणि परत लावायचं. साहेब म्हणाले ही टेप दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री नाही, जे निघेल ते आत्ताच कॉम्प्युटरवर घे.

तेवढ्यात नातवाने विचारलं, दादा आता रेडिओ कोण ऐकतं, सरकार कशाला पैसे घालतं यात? राग आला नाही मला, कारण हे सगळेच विचारतात. त्याला म्हटलं, अमेरिकेत 2025 च्या जुलैमध्ये सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचे 1.1 अब्ज डॉलर संसदेने काढून घेतले आणि सगळ्यात जास्त फटका खेड्यापाड्यातल्या छोट्या स्टेशनांना, कारण मोठ्या शहरात देणगीदार मिळतात, खेड्यात कोण देणार. आपल्याकडे 2023 च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचं ठरलं होतं, लोक बोलले म्हणून स्थगिती मिळाली. आणि पैसा अजिबात येत नाही असंही नाही रे, त्याच वर्षी जानेवारीत केंद्राने आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीच्या यंत्रसामग्रीसाठी 2,539 कोटींची योजना मंजूर केली, पण मशीन येऊन चालवणारा माणूस नसेल तर ते झाकूनच ठेवायचं ना! माणसाचा पगार अनुदानातूनच येतो, आणि अहिराणीतल्या गाण्यांना जाहिरात देणारा कोणी मला तरी अजून भेटला नाही.

तो पुढे काही बोलणार तेवढ्यात स्पीकरवर आवाज आला. सात-आठ बायका एका सुरात, मागे बांगड्यांचा आवाज. आजी हात जोडून बसलेली. आम्हाला वाटलं एवढ्या आवाजांत हिला आई कशी ओळखू येणार. एका कडव्यानंतर कोणीतरी हळूच खोकलं आणि आजी एकदम उठूनच उभी राहिली.

"ती खोकस ना, ती मन्ही माय!"

साहेबांनी मशीन थांबवून हेड पुसलं, मग चष्मा पुसला. अकरा मिनिटं निघाली. पुढचा भाग इतका चिकटलेला की ओढला तर तुटेल म्हणून साहेबांनी हात लावला नाही, तो नीट सुकवायची सोय असलेल्या ठिकाणी पाठवायला हवा. मॅडमनी त्याच संध्याकाळी तसं पत्र टाईप केलं, सोबत उरलेल्या सगळ्या डब्यांची यादी जोडली.

नातवाने रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घेतलं. जाताना आजीने विचारलं, उरलेली गाणी पुढच्या कानबाईपर्यंत निघतील ना?