फाटलं पान, सातवं चित्र: पांढऱ्या ठिपक्यांचा पत्ता लागला

केळीच्या फाटक्या पानांची जलरंगातली चित्रं, ही माझी मालिका. मागच्या तीन नोंदींत मी ज्या कागदाला नावं ठेवली, त्याची आज माफी मागायची आहे. दिवाळीत घेतलेल्या गठ्ठ्याचं साइझिंग (रंग आत ओढला जाऊ नये म्हणून कागदाला दिलेला लेप) गेलंय, कोणी घेऊ नका, असं मी ठासून लिहिलं होतं. माझं वाचून ज्यांनी ऑर्डर थांबवली त्यांनी ती खुशाल द्यावी. कागद उत्तम आहे. दुकानदारांनाही काल फोन करून सांगितलं. ते मला गठ्ठा बदलून द्यायला तयार होते, त्यामुळे बोलताना फार कानकोंडं झालं.

चित्रांतले पांढरे ठिपके कुठून येत होते ते सापडलं. त्यात पाच आठवडे आणि दोन चित्रं गेली, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवते. घरात तान्हं किंवा रांगतं मूल असलेल्या कोणाला तरी उपयोग होईल.

पाचव्या आणि सहाव्या चित्राचे फोटो मागे टाकले होते. पहिला वॉश (पातळ रंगाचा सलग थर) टाकला की खालच्या भागात कुठे मसुराएवढे, कुठे चिंचोक्याएवढे फिकट डाग. रंग तिथे थांबायचाच नाही. अळवाच्या पानावरून पाणी सरकावं तसा बाजूला सरकायचा आणि वाळल्यावर डागाभोवती गडद कड उरायची. केळीचं पान सलग वॉशवर उभं राहतं. त्यात एक जरी भोक पडलं तरी बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

पाच आठवडे जाणं मला जास्त लागलं त्याला कारण आहे. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात वेट-ऑन-वेटचा (ओल्या कागदावर ओला रंग सोडण्याचा) हंगाम म्हणजे कार्तिक ते माघ. मे महिन्यात पारा 44-45 वर असतो तेव्हा ब्रश कागदाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळून बसतं. कागद दोन्ही बाजूंनी भिजवा, खाली ओला पंचा घाला, तरी तेच. मास्किंग फ्लुइडची (कोरी ठेवायची जागा झाकणाऱ्या द्रवाची) बाटलीसुद्धा गेल्या उन्हाळ्यात दह्यासारखी फुटली. थंडीत मात्र वॉश निवांत पसरतो, मनासारखं खेळू देतो. ते दिवस हातातून जात होते.

संशय आधी साइझिंगवर घेतला. खरं तर लक्षणं उलटी होती. साइझिंग गेलेल्या कागदात रंग टीपकागदासारखा आत ओढला जातो, डाग गडद पडतात आणि ओल्या ब्रशनं उचलायला गेलं तर निघत नाहीत. माझे डाग फिकट होते, रंग आत शिरतच नव्हता. हा फरक मला माहीत होता. गेल्या पावसाळ्यात माळ्यावरच्या जुन्या कागदांनी तो चांगला शिकवलाही होता. पण बाळ झोपलंय, हातात जेमतेम तास आहे आणि समोर चित्र बिघडतंय, अशा वेळी डोकं थाऱ्यावर राहत नाही. जे नवीन आलंय त्याच्यावरच बोट ठेवलं जातं.

मग पाणी. आमच्या बोअरचं पाणी जड, पातेल्याला आठ दिवसांत पांढरा थर धरतो. फिल्टरचं पाणी घेतलं. अल्ट्रामरीन निळ्याचं दाणेदार बसणं किंचित बदललं, ठिपके जिथल्या तिथे. मग ऑक्स गॉल, रंग नीट पसरावा म्हणून पाण्यात घालायचं बैलाच्या पित्ताचं द्रावण. भांडंभर पाण्यात दोन थेंब टाकले आणि ठिपके निम्म्यानं कमी झाले! इथे मी पुरती फसले. ऑक्स गॉलनं पाण्याचा ताण कमी होतो, म्हणून रंग न धरणाऱ्या जागेवरही तो थोडाफार पसरतो. रोग तसाच, ताप तेवढा उतरला. मी आठवडाभर थेंब वाढवत गेले. शेवटी रंग इतका पळायला लागला की पानाच्या फाटलेल्या कडा विरघळून गेल्या. सहावं चित्र त्यातच संपलं.

मंगळवारी मोठी शाळेतून आली. सहावं चित्र ओट्याशेजारी भिंतीला टेकवलेलं होतं. दप्तर न काढताच तिनं एका ठिपक्यावर आपला अंगठा ठेवला. "आई, हा तुझा ठसा ना? आम्ही पण वर्गात केले." पहिलीत त्यांनी अंगठ्याच्या ठशांचे ससे आणि चिमण्या केल्यात. मी चित्र उजेडाला तिरकं धरलं. चार ठिपके एका ओळीत आणि त्यांच्यापासून जरा लांब एक. त्यावर माझा डावा हात ठेवला. पाचही बोटं बसली. चार-पाच मिनिटं मी तशीच उभी होते.

दिवाळीपर्यंत धाकट्याच्या मालिशला बाई यायच्या. त्यांच्या मुलीचं बाळंतपण निघालं, तेव्हापासून मालिश माझ्याकडे आली. थंडी, म्हणून तिळाचं तेल कोमट करून. मग आंघोळ, मग टाळूवर तेल घालून मांडीवर थोपटायचं. अकराच्या सुमारास त्याचा डोळा लागतो. लागला की मी पदराला हात पुसून सरळ फ्रीजवरचा बोर्ड काढते, कारण तिथून पुढचा पाऊण ते सव्वा तास तेवढाच माझा. कागद डाव्या हातानं दाबून धरायचा, उजव्या हातानं टेप लावायची. नवा कागद आणि तेलाचे हात एकाच आठवड्यात घरात आले, आणि मी पाच आठवडे कागदाकडेच बघत राहिले.

तरी खात्री करून घेतली. कोल्ड प्रेस (खरबरीत अंगाच्या) 300 जीएसएम कागदाच्या पाच पट्ट्या कापल्या. पहिली टाळू भरलेल्या हातानं धरली. दुसरी साबणानं हात धुऊन. तिसरी डाळीच्या पिठानं हात चोळून, मग साबणानं धुऊन. चौथीला हातच लावला नाही, कापतानाही कडेला चिमटे लावले. पाचवी गेल्या वर्षीच्या गठ्ठ्यातली, तीही तेलकट हातानं धरलेली. सगळ्यांवर अल्ट्रामरीनमध्ये चिमूटभर बर्न्ट सिएना (तपकिरी) घालून एक इंची फ्लॅट ब्रशनं एकसारखा वॉश दिला. पहिलीवर पाच बोटं स्वच्छ उमटली, अंगठ्याच्या रेघांसकट. पाचवीवरही तशीच, म्हणजे गठ्ठ्याचा संबंध नाही. चौथी निर्मळ. तिसरी निर्मळ. दुसरीनं मात्र मला हादरवलं: साबणानं व्यवस्थित धुतलेल्या हाताचे दोन पुसट ठसे होते. तेल नखांच्या कडेला आणि बोटांच्या घड्यांत राहतं, आणि कागद दाबला की तिथूनच उतरतं.

डाळीच्या पिठाची युक्ती सासूबाईंची. मी भांड्यांच्या साबणानं तिसऱ्यांदा हात घासत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "साबनानं काय व्हते? डायीच्या पिठानं धुय व माय." कोरडंच पीठ घ्यायचं, बोटांत आणि नखांत चोळायचं, गोळ्या पडायला लागल्या की झटकायचं, मग साबण. गोळ्यांबरोबर तेल निघून येतं. दोन मिनिटांचं काम आहे.

आता रोजची पद्धत बदलली. कागद बाळाच्या झोपेच्या वेळी कापत नाही आणि टेपही तेव्हा लावत नाही. आदल्या रात्री, भांडी आवरून झाली की हात पिठानं धुऊन दोन तुकडे बोर्डवर लावून ठेवते आणि वर बटर पेपर टाकते. काम करताना हाताखालीही बटर पेपर. दुपारी बोर्ड काढला की थेट ब्रश. याचा एक फायदा मी धरलाच नव्हता: टेप लावण्यातली दहा मिनिटं वाचली. सव्वा तासात दहा मिनिटं म्हणजे एक अख्खा ग्लेझ (वाळलेल्या थरावर द्यायचा पारदर्शक थर).

चित्र झोपांमध्ये वाटून घेतलंय हे आधी सांगितलं होतंच. पहिल्या झोपेत रेखाटन, दुसरीत ओला वॉश, तिसरीत आणि चौथीत ग्लेझ. मधे पूर्ण दिवस जातो, त्यामुळे खालचा थर खरोखर वाळलेला असतो आणि वरचा ग्लेझ तो उचलत नाही. एका बैठकीत चित्र संपवायचा हट्ट होता तेव्हा माझे हिरवे नेहमी मळायचे. आता मळत नाहीत. ट्यूबमधून रंग पिळणंही बंद केलंय. सगळे हाफ पॅनमध्ये (रंगपेटीतल्या छोट्या खोक्यांत) भरून वाळवले. मधेच उठावं लागलं तर झाकण लावायचं, परत आल्यावर पाण्याचा एक थेंब. कॅडमियम यलो मात्र पेटीतून काढून टाकला. रांगतं मूल घरात आहे, फरशीवर पडलेलं काहीही तोंडात जातं. त्याच्या जागी निकल अझो यलो आलाय आणि पानासाठी तो मला उजवाच वाटतो, कारण तो पारदर्शक आहे. तयार सॅप ग्रीन मला पटत नाही, हे मत तेच. विद्यार्थी दर्जाचा तर घेऊच नका, खिडकीशी ठेवलेला माझा नमुना वर्षभरात पिवळा पडला.

आणि सातवं चित्र झालं! पोंग्यातून नुकतं उलगडलेलं पान, मागून सकाळचं ऊन. वॉश वरून खाली एका दमात आला, कुठेही अडला नाही. पानाच्या ज्या भागातून ऊन आरपार येतं तिथे फक्त निकल अझो यलो आणि थॅलो ग्रीनचा कणभर स्पर्श. पान जिथे वळून वरच्या अंगानं आकाशाकडे बघतं तिथे हिरवा जवळजवळ नाहीच, राखाडी निळा आहे. आधीच्या चित्रांत मी दोन्हीकडे एकच हिरवा कमीजास्त करत होते. आरपार येणारा उजेड उबदार आणि वरून परतणारा थंड, हे वाचलेलं होतं, हाताला आत्ता उमगलं. शिरेच्या बाजूनं एक फाट गेलीय, तिच्यातून पलीकडची शेवरीची ओळ दिसते. ती फाट कोऱ्या कागदाची आहे, कुठेही खरवडलेली नाही. चित्र वाळल्यावर मी ते तीनदा दारात नेऊन पाहिलं.

पुढचं ठरलं होतं ते असं: आठवं चित्र अर्ध्या शीटवर, मळ्यात बसून. पण हे लिहिता लिहिता त्या पहिल्या पट्टीकडे लक्ष जातंय. तेलानं रंग किती नेमका अडवला! रेघ न् रेघ राखली. तेल मुद्दाम वापरता येणार नाही, ते काही महिन्यांत कागद पिवळा करतं. मेण मात्र चालेल. पानाच्या मधल्या दांड्यावर जी चमक असते, तुटक, मधेच विझणारी, ती मी आजवर मास्किंग फ्लुइडनं करत होते आणि ती नेहमी सुरीनं कापल्यासारखी दिसायची. कोल्ड प्रेसच्या खरबरीत अंगावर मेण फक्त उंचवट्यांना लागतं, म्हणजे रेघ आपोआप तुटक येईल. धोका एकच, मेण मागे घेता येत नाही. पहिल्या झोपेतच ठरवावं लागेल. मग मळ्यातलं चित्र थांबवते. आधी मेणाच्या सहा पट्ट्या.

आणि मळा तरी आत्ताच कशाला? यांच्याबरोबर जायचं म्हणजे सकाळी सातला, तेव्हा मोठीचा डबा असतो, आणि त्या गारठ्यात धाकट्याला नेणं नको. थंडीचा चरका केळीलाच सोसत नाही. लग्नानंतर चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर पाहिलं होतं. तिथे त्यांनी टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांतून अख्खे देखावे उभे केले आणि त्यांची छायाचित्रं काढली. 1989 साली ते गेले. ते घर पाहताना मी फोटोंकडेच बघत होते. आज ते टेबल आठवतंय. एक पान दांड्यासकट आणायला सांगते, कळशीत उभं करते आणि स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत ठेवते. अकरापर्यंत तिथे ऊन असतं, पान मागून उजळेल. दोन दिवस तरी ते ताठ राहावं.

मेणासाठी मेणबत्ती घासून पाहिली, रेघ जाड येते. मोठीच्या पेटीतला पांढरा मेणखडू चांगला, टोक काढता येतं. तिनं तो दिला, पण मोजून दोन पट्ट्यांपुरता. शनिवारी बाजारातून दोन आणायचे, एक तिचा आणि एक माझा.