तुम्ही विचारलंत म्हणून: बनवणं सोडून मोजण्याकडे का वळलात?

पीएचडीला येणारी मुलं मला हे हमखास विचारतात: “मॅडम, तुम्ही पॉलिमर बनवायचात ना, मग विश्लेषणात कशा आलात?” नवं रसायन घडवणं हे खरं संशोधन आणि नमुने तपासणं दुय्यम, असा समज त्यामागे असतो. एकेकाळी माझाही होता.

पहिल्याच वर्षी मी एक पॉलिएस्टर, म्हणजे एस्टर बंधांनी जोडलेल्या कड्यांच्या लांब साखळ्यांचा पॉलिमर, करत होते. डायॲसिड (दोन्ही टोकांना आम्लगट) आणि डायॉल (दोन्ही टोकांना अल्कोहोलगट) समप्रमाणात घ्यायचे, तापवायचे, सुटणारं पाणी काढत राहायचं. नमुन्यातले बंध ओळखणाऱ्या इन्फ्रारेड वर्णपटात एस्टरचा पट्टा ठळक आला आणि मला वाटलं, जमलं. पण फिल्म जरा वाकवली की तडकायची. सरांनी एवढंच विचारलं, “साखळी केवढी झालीय, बघितलंस का?” नव्हतं बघितलं. एस्टर आहे की नाही हे इन्फ्रारेड सांगतो. साखळी तीस कड्यांची आहे की तीनशे, हे त्याच्या आलेखावरून ओळखू येत नाही.

एरवी सेंद्रिय रसायनात 98 टक्के अभिक्रिया झाली की आपण खूश असतो. इथे 98 टक्क्यांना सरासरी साखळी 50 कड्यांची होते, 99 टक्क्यांना 100 कड्यांची. त्या एका टक्क्यात लांबी दुप्पट! पॉलिमर रसायनशास्त्रज्ञ कॅरदर्स यांचं साखळीच्या लांबीचं समीकरण आणखी एक सांगतं: एक घटक शंभरात एकाने कमी पडला, तर अभिक्रिया कितीही वेळ चालवा, सरासरी 199 कड्यांपुढे जात नाही.

मग मी साखळ्यांची टोकं मोजायला बसले. नमुना विरघळवून अल्कोहोली पोटॅशियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन. आम्ल टोकं भलतीच जास्त निघाली, म्हणजे डायॉल कमी पडला होता. वजन तर चार दशांशांपर्यंत केलेलं! शेवटी नमुन्यातलं पाणी मोजणाऱ्या कार्ल फिशर टायट्रेशनने उलगडा झाला. उघड्या राहिलेल्या बाटलीतल्या डायॉलने हवेतली ओल ओढून घेतली होती, आणि मी पाणी डायॉल म्हणून तोलत होते. कोरड्या डायॉलची पुढची फिल्म मी घडी घालून पाहिली. तडकली नाही.

पॉलिथिनचंही असंच, ध्यानात न आलेल्या एका घटकापायी झालं. 1933 मध्ये आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत इथिलीन प्रचंड दाबाखाली ठेवलं असता मेणासारखा पांढरा पदार्थ मिळाला, पण पुन्हा खात्रीने मिळेना. 1935 मध्ये जमलं, आणि किंचितसा ऑक्सिजन आत असेल तरच साखळ्या सुरू होतात, हे मागाहून ध्यानात आलं.

सरासरी कळली तरी पुरत नाही. दोन बॅचची सरासरी सारखी असून एक चिवट आणि एक ठिसूळ असू शकते, कारण आखूड साखळ्यांचं प्रमाण वेगळं असतं. ते जीपीसीत, म्हणजे साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीत, दिसतं. तिथे लांब साखळ्या आधी बाहेर येतात. आखूड साखळ्या कॉलममधल्या मण्यांच्या छिद्रांत शिरत मागे रेंगाळतात. मुख्य पीकच्या शेपटाकडे आलेला छोटासा उंचवटा पाहून मी कितीदा तरी थेट वजनकाट्याकडे परत गेले आहे.

तेव्हा मी बनवणं सोडलं असं नाही, माझ्याच बॅचच्या मागे लागून इथवर आले. माझ्याकडे येणाऱ्यांना म्हणून सुरुवातीला फ्लास्क देत नाही. आधी डायॉलमधलं पाणी मोजायला सांगते, तीन वेळा, आणि तिन्ही आकडे जुळले की मगच मोनोमरची (साखळीच्या सुट्या कड्यांची) बाटली हातात देते.