आमची वाटचाल : दोन मायक्रॉनचं काम

आमच्या गाड्या धुण्या-पॉलिश करण्याच्या वर्कशॉपमध्ये एक वही आहे. लांबट, हिशेबाच्या वहीसारखी, पण तिच्यात पैशांचा एकही आकडा नाही. प्रत्येक पानावर एका गाडीची बाह्यरेषा काढलेली आणि त्यावर ठिकठिकाणी लिहिलेलं: बॉनेट ११८, १२१, ११६, छत १२४, डावा दरवाजा १०९. ही रंगाची जाडी आहे, मायक्रॉनमध्ये. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आमचं काम कसं वाढत गेलं असं कुणी विचारलं की मी ही वही पुढे करतो. तिचं पहिलं पान एका काळ्या स्पोर्ट्स कारचं आहे. त्या पानाच्या आधीही आम्ही दोन वर्षं गाड्या घासत होतो, पण त्या गाड्यांवरून किती रंग काढला याची नोंद आमच्याकडे नाही, आणि ते मला आजही लागून राहिलं आहे.

सुरुवात मी आणि धाकट्या भावाने केली. एक प्रेशर वॉशर, दोन बादल्या, एक रोटरी बफिंग मशीन आणि भाड्याचा एक गाळा. रबिंग-पॉलिश मी डेंटिंग-पेंटिंगच्या कामावर असताना उस्तादांच्या हाताखाली शिकलो होतो. लोकरीचा पॅड, जाड कंपाउंड म्हणजे रंग घासणारी पेस्ट, मशीन फिरवायचं, चमक आली की पुढे सरकायचं. ताज्या रंगकामावरची धूळ आणि खरखर काढायला ही पद्धत चांगलीच होती, आणि उस्तादांचा हात फार सफाईचा होता. आम्ही तीच पद्धत रोजच्या गाड्यांना लावली. पांढऱ्या, चंदेरी, राखाडी गाड्या चकचकीत होऊन जायच्या, मालक खूश असायचे. आपल्याला काम येतं, असं आम्हाला वाटत होतं.

मग ती काळी गाडी आली. दोन सीटची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, मागची चाकं अंगात घेतलेले रुंद फेंडर. मेटॅलिकचा कणही नाही, निव्वळ काळा रंग. मालकाने ती सेकंडहँड घेतली होती आणि तिच्यावर त्यांचा फार जीव होता. म्हणाले, "दादा, सावलीत गाडी छान दिसते. उन्हात काढली की बघवत नाही. कोळ्याने जाळं विणल्यासारखी दिसते."

आम्ही नेहमीसारखंच काम केलं. संध्याकाळी गाळ्यातल्या ट्यूबलाइटखाली गाडी आरशासारखी दिसत होती. चौथ्या दिवशी, भर दुपारी, ते गाडी घेऊन परत आले. काही न बोलता त्यांनी ती उन्हात उभी केली आणि मला बॉनेटजवळ बोलावलं. मी एक पाऊल बाजूला सरकलो की बॉनेटवर धुरकट पट्टे सरकायचे, पाण्यावर तेल पसरल्यासारखे. कामाच्या भाषेत यांना होलोग्राम म्हणतात. ते आमच्या मशीनचेच होते. आणि जुनं जाळं? तेही हळूहळू परत दिसायला लागलं होतं. ओरखडे आम्ही काढलेच नव्हते. शेवटी लावलेल्या पॉलिशमधल्या तेलाने ते भरले गेले होते, आणि दोन धुण्यांत ते तेल निघून गेलं होतं. मालक एवढंच म्हणाले, "आधी नुसतं जाळं होतं." पैसे परत द्यायला लागलो तर त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "आधी शिका, मग मी गाडी परत आणतो."

काळाच रंग एवढा का छळतो, हे समजून घेण्यात आमचे पहिले काही आठवडे गेले. ओरखडे पांढऱ्या गाडीवरही तेवढेच असतात. पण पांढरा रंग स्वतःच भरपूर प्रकाश चहूकडे उधळतो, त्यात ओरखड्यांच्या कडांवरून आलेली बारीक चमक हरवून जाते. काळा रंग जवळजवळ सगळा प्रकाश गिळतो, त्यामुळे त्या अंधारावर प्रत्येक ओरखड्याची कड उठून दिसते. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: ती गोल-गोल जाळी खरं तर गोल नसते. धुताना पडलेले ओरखडे सगळ्या दिशांनी, आडवेतिडवे असतात. दिव्याच्या प्रतिमेभोवती ज्यांची दिशा जुळते तेवढेच डोळ्याकडे प्रकाश पाठवतात, म्हणून वर्तुळं दिसतात. दिवा सरकवा, वर्तुळंही सरकतात. हे कळल्यावर मी गाडी बघायची पद्धतच बदलली. ट्यूबलाइटचा पसरट उजेड दोष लपवतो. एकाच बिंदूतून येणारा प्रखर प्रकाश हवा, मग तो सूर्य असो की हातातला एलईडी दिवा. आमच्या गाळ्यातली सुधारणेची पहिली खरेदी दिव्यांची होती, मशीनची नव्हे.

त्यानंतर भंगारातून बॉनेट आणि दरवाजे आणले. दिवसा धुण्याची कामं, रात्री भंगारावर सराव. एका काळ्या बॉनेटवर मी मुद्दाम एकाच जागी रोटरी फिरवत राहिलो, रंग कधी संपतो ते बघायला. कडेवर तो अपेक्षेपेक्षा फारच लवकर संपला. पॅडवर काळा डाग आला, म्हणजे वरचा पारदर्शक थर संपून खालचा रंग निघायला लागला होता. मी मशीन बंद करून बराच वेळ तसाच उभा राहिलो. हेच कुणाच्या गाडीवर झालं असतं तर ते परत लावायला पॉलिश नाही, रंगकामच लागतं.

पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे तोच पारदर्शक थर. आजच्या बहुतेक गाड्यांवर कारखान्यातून आलेला हा सगळा संच मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. त्यातला क्लिअर कोट बहुधा ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस याहून जाड असतो. आणि त्या पातळ थरावरच सगळी भिस्त आहे: चकाकी त्याची, उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचं रक्षणही त्याचंच. पॉलिश करणं म्हणजे चमक चढवणं, असा समज मी अनेक वर्षं बाळगला होता. प्रत्यक्षात आपण काहीच चढवत नाही. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट उतरवतो, तेव्हा ओरखडा नाहीसा होतो.

मग जाडी मोजायचं यंत्र घेतलं. ते खरेदी करताना भावाचा विरोध होता, त्या पैशांत दुसरं मशीन आलं असतं. पण माझ्या मते आमचा धंदा खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू झाला. यंत्राच्या मर्यादाही शिकायला लागल्या. ते एकूण जाडी सांगतं, क्लिअर कोट वेगळा दाखवत नाही. साधं यंत्र धातूवरच चालतं. स्पोर्ट्स कारमध्ये कार्बन फायबर किंवा प्लास्टिकचे भाग असतात, तिथे ध्वनिलहरींवर चालणारं वेगळं यंत्र लागतं. शिवाय एक-दोन मायक्रॉनची चूक यंत्रातच असते, आणि आपण काढतोही तेवढंच. म्हणून एकाच जागी पाच वेळा मोजून सरासरी लिहायची, असा नियम केला. एखाद्या दरवाजावर अचानक २५० दिसलं तर तो पुन्हा रंगवलेला आहे. एखाद्या जागी बाकीच्यांपेक्षा खूपच कमी दिसलं तर आधी कुणीतरी तिथे जोरात घासलं आहे, तिथे आपण हात आवरायचा.

आठ महिन्यांनी मी त्या मालकांना फोन केला. ते खरंच गाडी घेऊन आले. वहीतलं पहिलं पान ते.

या वेळी पूर्ण पहिला दिवस फक्त धुण्यात गेला. आधी फोमचा जाड थर मारून धूळ सुटू दिली, हात न लावता पाण्याने उतरवली. मग दोन बादल्या, एकीत शॅम्पू आणि दुसरीत साधं पाणी, मिट, म्हणजे धुण्याचा मऊ हातमोजा, दर वेळी साध्या पाण्यात खंगाळायचा. चाकांवर आणि दरवाजांच्या खालच्या भागावर लोहकण विरघळवणारं द्रावण मारलं. ब्रेकच्या धुळीतलं लोखंड जिथे रंगात रुतलेलं होतं तिथून जांभळे ओघळ उतरले. डांबराचे ठिपके वेगळे काढले. त्यानंतर भरपूर ओलावा ठेवून क्ले, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणारा मातीसारखा मऊ गोळा, फिरवला. बोटांवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून रंगावरून हात फिरवला की उरलेली खरखर बरोबर कळते. मशीन लावायच्या आधी हे झालंच पाहिजे, नाहीतर पॅडखाली तेच कण सापडतात आणि आपणच नवे ओरखडे पाडतो.

दुसऱ्या दिवशी बॉनेटच्या एका कोपऱ्यात टेप लावून जेमतेम दीड फुटाचा चौकोन आखला आणि तिथे चाचणी घेतली. हा टप्पा मला सगळ्यात आवडतो. सगळ्यात सौम्य पॉलिश आणि मऊ फोम पॅडपासून सुरू करायचं, नाही जमलं तरच एक पायरी वर चढायचं. मशीन आता रोटरी नव्हतं, ड्युअल अ‍ॅक्शन होतं. त्याचा पॅड स्वतःभोवती फिरता फिरता डगमगतोही, त्यामुळे तोच तो माग पुन्हा पुन्हा उमटत नाही आणि होलोग्रामचा धोका खूप कमी होतो. त्या गाडीचा क्लिअर कोट मऊ निघाला. मऊ रंगाचा त्रास वेगळा असतो: ओरखडे पटकन निघतात, पण नुसता कोरडा फडका फिरवला तरी नवे उमटतात. लोकरीच्या पॅडने आम्ही पहिल्या वेळी तिच्यावर काय केलं असेल, हे तेव्हा नीट कळलं.

मध्यम पॉलिश आणि मध्यम पॅडवर जाळं गेलं, मग बारीक पॉलिशने धूसरपणा गेला. प्रत्येक चौकोनानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून पुसायचं, म्हणजे तेल निघून जातं आणि खरं काय झालं ते दिव्याखाली दिसतं. पहिल्या वेळी आम्ही हेच केलं नव्हतं. पॅड दर दोन चौकोनांनी ब्रशने साफ. बॉनेटच्या कडा, दरवाजांच्या धारा आणि स्पॉयलरची टोकं टेपखाली झाकलेली, कारण धारेवर रंग पातळ असतो आणि पॅडचा सगळा दाब तिथेच येतो. त्या जागा शेवटी हातानेच केल्या. मागचं बंपर प्लास्टिकचं होतं. पत्र्यासारखी उष्णता त्यात पसरत नाही, एका जागी साठते, म्हणून तिथे वेग कमी आणि मधूनमधून हाताने तपासणी.

डाव्या दरवाजावर एक ओरखडा होता, नख अडकेल इतका खोल. तो पूर्ण काढायचा तर आसपासचा थर धोक्यात घालावा लागला असता. मी मालकांना बोलावून यंत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी स्वतः मोजलं, १०९. आम्ही त्याच्या कडा तेवढ्या मऊ केल्या आणि तो तसाच ठेवला. तिरक्या उन्हात तो आजही दिसतो. चौथ्या दिवशी सिरॅमिक कोटिंग केलं, म्हणजे रंगावर एक पातळ संरक्षक थर लावला. काळ्यावर त्याचीही परीक्षा असते, पुसायला थोडा उशीर झाला की काळपट डाग वाळून बसतो आणि मग तो पुन्हा पॉलिशनेच काढावा लागतो. एकाने लावायचं, दुसऱ्याने मागोमाग दिवा धरून पुसायचं, अशी जोडी आम्ही तेव्हा ठरवली ती आजही तशीच आहे.

सकाळी गाडी उन्हात नेली. मालक तिच्याभोवती दोन वेळा फिरले. समोरच्या झाडाची पानं बॉनेटमध्ये मोजता येत होती. माझ्या भावाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्यानंतरची वर्षं भराभर गेली. गाळा मोठा झाला, कामाला मुलं आली. आज आम्ही सहा जण आहोत. नवीन मुलाला पहिले तीन महिने मशीन मिळत नाही, तो फक्त धुतो आणि पुसतो. यावरून काही मुलं सोडूनही गेली, त्याचं वाईट वाटतं, पण नियम बदललेला नाही. कारण जाळं पडतं ते बहुतेक वेळा धुताना आणि पुसताना: मळका स्पंज, खाली पडलेला फडका तसाच उचलून वापरणं, कोरड्या गाडीवरची धूळ झटकणं. म्हणून गाडी देताना आम्ही मालकाला अर्धा तास थांबवतो आणि धुवून दाखवतो. काळ्या गाडीच्या मालकांना दोन गोष्टी जास्त बजावून सांगतो. उन्हात काळा पत्रा ६० अंशांच्याही वर तापतो, अशा पत्र्यावर पाणी सुकू देऊ नका, क्षारांचे डाग क्लिअर कोटमध्ये उतरतात. आणि पक्ष्याची विष्ठा दिसली की घरी जाऊन बघू म्हणू नका, तिथल्या तिथे भिजवून अलगद उचला.

नाही म्हणणं हा आमच्या कामाचा सगळ्यात अवघड भाग ठरला. एकदा एक काळी गाडी आली, वेगवेगळ्या ठिकाणी तीन-चार वेळा रबिंग करून आणलेली. छतावर ८४, एका जागी ७८. मालक म्हणाले, लग्न आहे, काही करून चमकवून द्या. मी पॉलिश करायला नकार दिला, नुसती धुवून वॅक्स लावून दिली. ते नाराज होऊन गेले आणि परत आले नाहीत. दुसरीकडे कुणीतरी करून दिलं असेल. त्या छताची मला अजून काळजी वाटते.

गेल्या महिन्यात पहिल्या पानावरची ती गाडी पुन्हा आली. मालकांचे केस आता पिकलेत, गाडी मुलगी चालवते. तिला धुण्याची पद्धत वडिलांनी शिकवली आहे. आम्ही गाडी धुतली, पुसली, दिवे लावले. भावाने आणि मी बॉनेटपासून मागच्या फेंडरपर्यंत एकेक पॅनल बघितला. तिरक्या प्रकाशात तीन-चार बारीक रेघा, आणि दरवाजावरचा तो जुना ओरखडा. मुलीने विचारलं, "काका, पॉलिश करायचं का?" भावाने मोजायचं यंत्र घेतलं आणि मी वही उघडली. बॉनेट ११६, ११९, ११४. छत १२३. डावा दरवाजा १०९. जुन्या आकड्यांखाली नवे आकडे लिहिले, तारीख घातली, आणि मशीन त्या दिवशी कपाटातून काढलंच नाही.