शेकाट्याचं पोट तांबूस का येतं? बेळगावच्या शिवारातली हंगामाची नोंद

यंदाच्या हंगामात एकाच प्रश्नामागे लागलो होतो. शेकाट्या, म्हणजे पाणथळीतला लांब पायांचा पक्षी; त्याचं पांढरं पोट फोटोत पांढरं का येत नाही? खानापूर बाजूच्या फोटोंत ते तांबूस दिसतं, येळ्ळूर-वडगावच्या शिवारातल्या फोटोंत निळसर करडं. कॅमेरा तोच, १५०-६०० मिमीची लेन्स तीच, वेळ दोन्हीकडे सकाळचीच.

फरक चिखलाचा आहे. खानापूरकडची माती तांबडी, तर शहराच्या दक्षिणेची बासमतीची जमीन काळी. लांब पायांवर उभ्या पक्ष्याच्या पोटाखाली ऊन थेट पोचत नाही. तिथे असतो तो खालच्या चिखलावरून उसळून आलेला उजेड. तांबड्या मातीवरून तो तांबडाच येतो. काळी माती फारसा उजेड परत देत नाही, मग सावलीतल्या पिसांना आभाळाचा निळा तेवढा मिळतो.

हे डोक्यात बसल्यापासून ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने रंगाची झाक आपोआप सुधारणं, बंद केलाय. फ्रेमभर तांबडा चिखल असला की कॅमेरा तो 'दुरुस्त' करायला बघतो आणि पक्षी थोडा सरकला तरी पुढच्या फोटोत रंग बदलतो. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, हे नंतर बदलता येतं हे खरं, पण एका सकाळचे सगळे फोटो एकाच रंगावर आणणं म्हणजे डोक्याला ताप. आता व्हाइट बॅलन्स डेलाइटवर, म्हणजे उन्हाच्या ठरावीक सेटिंगवर ठेवतो, आणि संगणकावर फक्त पोटाच्या सावलीला मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, तांबूसपणा निम्म्याने कमी करतो. पूर्ण काढत नाही. पूर्ण काढला की पक्षी दुसरीकडून कापून आणून तांबड्या चिखलात चिकटवल्यासारखा दिसतो.

एक्स्पोजरचा, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा याचा, हिशेब काळ्या मातीत जास्त छळतो. गडद चिखल बघून कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फोटो उजळ करतो आणि छातीवरची पिसं जळतात. गेलेला पांढरा रॉमधूनही परत येत नाही. म्हणून तिथे मॅन्युअल. स्वच्छ ऊन असेल तर एफ ६.३, आयएसओ ४००, शटर १/३२०० सेकंदापासून सुरू करतो आणि हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेडाच्या आलेखाचा, उजवा (पांढऱ्याचा) काठ बघत बसतो. कोवळ्या उन्हात १/१६०० पुरतं. पाणी आभाळासारखं चमकत असेल तर मात्र उलटं होतं. मीटर घाबरून फोटो काळपट करतो, आणि त्यात तुतारी या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यासारखा तपकिरी पक्षी पार बुडून जातो.

पांढरा सांभाळला की काळा राहतो. संपादनात सावल्या किती उचलायच्या यावर आम्हा पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांत वाद होतात, म्हणून माझं मत इथे लिहून ठेवतो. शेकाट्याच्या नराची पाठ काळी, हिरवट झाक असलेली. मादीची पाठ तपकिरीकडे झुकणारी. स्लायडर जरा जास्त ओढला की नराची मादी होते! ठिपकेवाली तुतारी आणि हिरवी तुतारी यांचंही तसंच. पहिलीची भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, दुसरीची डोळ्यापुढेच संपते. नॉइज (फोटोतले दाणे) घालवणारं सॉफ्टवेअर जोरात चालवलं तर ती फिकट रेघ पुसली जाते. पहिलीचे पाय पिवळसर, दुसरीचे गडद हिरवट, म्हणजे व्हाइट बॅलन्सचा घोळ पक्ष्याच्या ओळखीपर्यंत पोचतो. फोटो छान झाला पण पक्षीच बदलला, तर कशाचं काय.

शार्पनिंग आता डोळा, चोच आणि जवळच्या पिसांपुरतंच. चिखलाला अजिबात नाही. भाताची धसकटंही पुसत नाही. ती पुसून गुळगुळीत केलेले फोटो बघितले की शिवार नव्हे, स्टुडिओ वाटतो.

प्रत्यक्ष शिवारात सगळ्यात जास्त फायदा झाला तो खाली झोपण्याचा. बांधावर उभं राहिलं तर मागे नुसता चिखल येतो. लेन्स पाण्यापासून वीतभर वर आणली की मागची हिरवळ दूर जाते, विरघळते आणि पक्षी सुटा होतो. बीनबॅग प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधाच्या उतारावर ठेवतो आणि कॅमेऱ्याचा पडदा वर वळवून बघतो. चिखलणी सुरू असताना गायबगळे पॉवर टिलरच्या मागे धावतात. शेकाटे बाजूच्या, काम झालेल्या वाफ्यात शांत चरतात. टिलरला पक्षी बिचकत नाहीत, चालत येणाऱ्या माणसाला बिचकतात. त्यामुळे पक्षी येण्याआधी जाऊन पडायचं. शेतमालकाला आधी विचारायचं, हे सांगायला नकोच. एका मामांनी परवानगी दिली आणि वर म्हणाले, "चिखलात लोळायलास व्हय? मग जरा रोपं तरी लाव की!"

उभी फ्रेम घ्या, एवढंही सांगून ठेवतो. शेकाट्याचे पाय आणि पाण्यातलं प्रतिबिंब आडव्या फ्रेममध्ये मावत नाही, आणि पावलं कापलेला शेकाट्या मला बघवत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये हिडकल धरणाच्या मागच्या पाण्याकडे मोर्चा वळवतो. पाणी ओसरून मोकळा चिखल पडतो आणि कंठेरी चिखल्या हे छोटे पक्षी तिथे तुरुतुरु पळतात. अडचण एकच, तापलेल्या जमिनीवरची थरथरती हवा. ऊन चढलं की साठ-सत्तर फुटांवरचा पक्षीही मऊ, म्हणजे धूसर येतो. फोकस चुकला असं वाटून लेन्सला शिव्या घालू नका. त्यावर शटर नाही, सॉफ्टवेअर नाही. जवळ जा, नाहीतर घरी जा. एप्रिलपासून टिटवी-शेकाट्यांची घरटी उघड्या जमिनीवर असतात, तेव्हा या काठांवर झोपणं बंद. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की आलो त्याच वाटेने मागे फिरायचं.

आता धुपदाळ. तिथलं घटप्रभा पक्षी अभयारण्य १९७४ सालचं, आणि तिथल्या चित्रबलाकांवर (करकोच्याच्या जातीचे पक्षी) हीच मातीची गोष्ट तपासायची आहे. पक्षी मोठा, पांढरा, त्यात शेपटीजवळची पिसं गुलाबी. पोटाखाली चिखलाऐवजी गढूळ पाणी असेल तर पांढऱ्यावर कोणता रंग चढतो, आणि गुलाबी त्यात किती खरा राहतो? कोणाकडे तिथले फोटो असतील तर बघायला द्या. फक्त रॉ फाइल द्या, व्हॉट्सअॅपवरचा जेपेग नको.