पावसाळ्यातले रिपीट कॉल

वागळे इस्टेटपासून रबाळे, महापे, तुर्भे ते थेट बेलापूरपर्यंत, जून ते सप्टेंबर हा 'नो डिस्प्ले'चा, म्हणजे मशीन चालू होऊनही स्क्रीन काळीच राहण्याचा, हंगाम असतो. इंजिनिअर येतो, रॅम काढून रबराने घासतो, मशीन चालू होतं, कॉल क्लोज. आठ-दहा दिवसांनी तेच टेबल, तेच मशीन, तोच कॉल, म्हणजे रिपीट कॉल. मग रॅम बदलली जाते, पुढच्या खेपेला मदरबोर्ड. मूळ कारण मात्र जागच्या जागी असतं. नुकतेच डेस्कटॉप सपोर्टला लागलेल्यांनी हे कारण कसं शोधावं, याबद्दल हे लिहितो आहे. रिपीट कॉल कमी करणं हे या कामातलं खरं कौशल्य आहे असं मला वाटतं, आणि आपल्या पट्ट्यात त्याची सुरुवात हवेपासून होते.

एका बाजूला खाडी आणि तिचा चिखल, दुसऱ्या बाजूला टीटीसी या औद्योगिक वसाहतीतले रासायनिक कारखाने, मधून वाहणारे नाले. खाडीच्या चिखलातून आणि सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. हवा दमट असली की हा वायू तांब्यावर आणि चांदीवर फार लवकर चढतो आणि धातूवर काळा सल्फाइडचा थर जमतो. जुलै २००६ पासून युरोपच्या आरओएचएस (उपकरणांतले घातक पदार्थ मर्यादित करणाऱ्या) नियमांमुळे बोर्डांवरून शिसं हटलं. त्यानंतर काही बोर्डांच्या तांब्यावर चांदीचा पातळ मुलामा येऊ लागला. शिशाचा मुलामा ज्या हवेत टिकायचा, ती हवा या बोर्डांना सोसत नाही. अशा वेळी बोर्डावरच्या बारीक भोकांभोवती काजळी पसरल्यासारखं दिसतं आणि ती काजळी शेजारच्या ट्रॅकपर्यंत पोचली की शॉर्ट होतं. टॉर्च तिरपी धरून बघा, नुसत्या धुळीहून ती वेगळी ओळखू येते. ब्रशने जाणार नाही. तो बोर्ड बदलायचाच. पण नवा बोर्ड त्याच खिडकीखाली, नाल्याच्या बाजूला ठेवला तर त्याचंही तेच होईल, हे कस्टमरला लेखी कळवा. हवा किती वाईट आहे हे मोजायची रीत ठरलेली आहे: तांब्याची आणि चांदीची पट्टी ३० दिवस खोलीत टांगायची आणि तिच्यावर चढलेला थर मोजायचा. आयएसए ७१.०४ या मानकाप्रमाणे तांब्यावर ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग) कमी थर आला तर हवा सौम्य धरतात. सर्व्हर रूम असलेल्या कस्टमरने हे करून घ्यायलाच हवं.

दुसरी गोष्ट पाणी धरण्याची. एसीत गार झालेल्या लोखंडावर बाहेरची दमट हवा आली की दव धरतं. लाइट गेली, एसी बंद पडला, कोणीतरी खिडक्या उघडल्या, की नेमकं हेच होतं. गार सर्व्हर रूममधून काढलेलं मशीन बाहेर आणून लगेच चालू करणं तितकंच धोक्याचं. अर्धा-पाऊण तास ते बंद कॅबिनेटनिशी तसंच राहू द्या, हात लावून थंड लागत नाही याची खात्री करा, मग प्लग घाला.

आता रॅमबद्दल. घासण्यात चूक नाही, घासण्याच्या पद्धतीत आहे. आधी स्विच बंद करून वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे एसएमपीएसमधला (पॉवर सप्लायमधला) उरलेला करंट निघून जाईल. रॅम कडेने धरा. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घेऊन सोनेरी पट्ट्या लांबीच्या दिशेने पुसा. खोडरबर अगदी शेवटी, मऊ पांढराच, हलक्या हाताने दोनदा. त्या पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. शाईचं खरखरीत रबर वापरलं की तो निघतो, खालचा धातू उघडा पडतो आणि पुढच्या आठवड्यात तिथेच थर चढतो. रिपीट कॉलचं हे एक मोठं कारण आपल्याच हातातलं आहे. रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. पुसणं झालं की स्लॉटही मऊ ब्रशने साफ करा, कारण थर दोन्ही बाजूंना असतो आणि बहुतेक जण फक्त रॅम पुसतात. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. रॅम बसवताना क्लिपचा आवाज आला पाहिजे. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा आणि कोणत्या स्लॉटमध्ये कोणती चालली ते लिहून ठेवा. त्यानंतर विंडोजची मेमरी डायग्नोस्टिक एकदा पूर्ण चालवा. डिस्प्ले आला एवढ्यावर थांबू नका.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना शुक्रवारची सुट्टी असते आणि विजेच्या देखभालीची कामंही बहुधा त्याच दिवशी काढतात. म्हणून शनिवारी सकाळी एका वेगळ्याच प्रकारचे कॉल येतात: 'वेबसाइट उघडत नाही', 'सर्टिफिकेट एरर येतेय', 'डोमेनला लॉगिन होत नाही'. इंजिनिअर ब्राउझर साफ करतो, नेटवर्कवाल्याला फोन करतो. खरं तर आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघायची. मेनमधूनच वीज बंद झाली की घड्याळ बोर्डावरच्या सीआर २०३२ सेलवर चालतं. तो सेल उतरलेला असेल तर तारीख काही वर्षं मागे जाते. मग सर्टिफिकेट 'अजून सुरू न झालेलं' ठरतं आणि डोमेनचं (कंपनीच्या सामायिक नेटवर्कचं) कर्बेरॉस या ओळख तपासणाऱ्या पद्धतीने होणारं लॉगिन नाकारलं जातं, कारण त्याला मूळ सेटिंगमध्ये फक्त ५ मिनिटांची तफावत चालते. डोमेनमध्ये नसलेल्या मशीनवर तफावत १५ तासांपेक्षा जास्त असली की विंडोज सहसा स्वतःहून वेळ दुरुस्त करत नाही. तारीख आधी हाताने लावा, मग सिंक करा. आणि इथेच कॉल क्लोज करू नका, कारण सेल तसाच राहिला तर पुढच्या शनिवारी तोच फोन येणार. सेल काढून मल्टिमीटरवर मोजा. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.७ च्या खाली असेल तर बदला.

सेल बदलण्याआधी दोन कामं करायची असतात आणि ती विसरल्यामुळे चांगली मशीन अडकतात. पहिलं, बायोसमधल्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या सेटिंगमधल्या) स्टोरेज मोडचा, म्हणजे डिस्क एएचसीआय पद्धतीने जोडली आहे की रेड, याचा फोटो घ्या. सेल काढल्यावर सेटिंग कारखान्याच्या मूळ स्थितीला जातात. मोड एएचसीआयचा रेड झाला किंवा उलट झालं, तर विंडोज निळी स्क्रीन दाखवून 'बूट डिव्हाइस सापडत नाही' म्हणते आणि मग विनाकारण हार्ड डिस्कवर संशय जातो. दुसरं, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर आधी तो सस्पेंड करा. बायोसमध्ये बदल झाला की तो ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती की कस्टमरच्या आयटीकडे आहे का, हे आधी विचारा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. उपाय सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवण्याइतकाच होता, पण ज्यांच्याकडे या कीची यादी नव्हती, त्यांची मशीन तिथपर्यंतही पोचत नव्हती.

यूपीएसबद्दल थोडक्यात. टेबलाखालच्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ एएचची एक बॅटरी असते, म्हणजे ८४ वॉट-तास. १२० वॉटच्या लोडवर हिशेबाने ४२ मिनिटं निघतात, पण एवढ्या झपाट्याने उतरणारी बॅटरी पूर्ण क्षमता देत नाही आणि इन्व्हर्टरही थोडी खातो. नव्या बॅटरीवरही १५-२० मिनिटं धरा. दोन-तीन वर्षं जुनी बॅटरी दोन मिनिटांत मान टाकते, युजर 'पीसी आपोआप रिस्टार्ट होतो' असं कळवतो आणि विंडोज नव्याने टाकली जाते. विंडोजला हात लावण्याआधी यूपीएसचा प्लग काढून बघा. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावलेला दिसला तर तेव्हाच काढा, फ्यूझर (टोनर तापवून कागदावर चिकटवणारा भाग) तापताना तो ओढतो तेवढा करंट या यूपीएसला झेपत नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तुटलेलं आहे. न्यूट्रल आणि अर्थमध्ये २-३ व्होल्टपर्यंत ठीक, त्याहून बराच जास्त आला तर इलेक्ट्रिशियनचं काम, आपण सॉकेट उघडायचं नाही.

प्रिंटरच्या पावसाळी कॉलमध्ये प्रिंटर बहुधा निर्दोष असतो, दोष कागदाचा असतो. कागद हवेतली ओल पितो. कडा लाटांसारख्या होतात, दोन-दोन कागद एकदम ओढले जातात, टोनर नीट चिकटत नाही, काही वेळा बाहेर पडणाऱ्या कागदाबरोबर वाफही दिसते. ट्रेमध्ये दिवसभरापुरतेच कागद घाला, ५०० चं उरलेलं रीम त्याच्याच वेष्टनात गुंडाळून कपाटात ठेवायला सांगा. फरशीवर किंवा ओल आलेल्या भिंतीला टेकवून नको. मोठ्या कॉपियरमध्ये काही मॉडेलना ट्रेखाली हीटर असतो आणि त्याला वेगळा स्विच असतो. तो कोणीतरी बंद करून ठेवलेला असतो, म्हणून बघा. पिकअप रोलर पुसायला पाण्याने किंचित ओलं कापड पुरतं. वरचेवर अल्कोहोल लावलं तर रबर कडक होतं.

'प्रिंटर ऑफलाइन' हा दुसरा नेहमीचा रिपीट कॉल. लाइट जाऊन राउटर रिस्टार्ट झाला, प्रिंटरला नवा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळाला, मशीन अजून जुन्या आयपीकडे प्रिंट पाठवतंय. प्रिंटर काढून पुन्हा टाकला की चालतो, पुढच्या पॉवर कटपर्यंत. राउटरमध्ये त्याच्या मॅक पत्त्यावर (नेटवर्क कार्डाच्या कायमच्या क्रमांकावर) आयपी राखून ठेवा, पोर्ट डब्ल्यूएसडीऐवजी (विंडोज आपोआप शोधते त्या पोर्टऐवजी) स्टँडर्ड टीसीपी-आयपी करा. तरीही चालू प्रिंटर ऑफलाइन दिसला तर त्या पोर्टच्या सेटिंगमधली एसएनएमपी स्टेटसची (प्रिंटरची स्थिती विचारण्याची) खूण काढा. रांगेत अडकलेली प्रिंट डिलीट होत नसेल तर सर्व्हिसेसमधून प्रिंट स्पूलर थांबवा, विंडोजच्या सिस्टिम ३२ मधल्या स्पूल फोल्डरात प्रिंटर्स नावाचं फोल्डर आहे ते आतून रिकामं करा (फोल्डर ठेवा, फाइली उडवा), स्पूलर चालू करा.

'नेट स्लो' म्हटलं की आधी लिंकचा वेग बघा. १ जीबीपीएसच्या जागी १०० एमबीपीएस दिसत असेल तर केबलच्या चारपैकी एखादी जोडी तुटलेली असू शकते: १०० ला पिन १, २, ३ आणि ६ पुरतात, १ जीबीला आठही लागतात. पावसाळ्यात आयओ बॉक्स (भिंतीतलं नेटवर्क सॉकेट) ओल्या भिंतीत असला की पिना हिरव्या पडतात. नवं टोक क्रिम्प करताना बी पद्धतीचा क्रम असा: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीपर्यंत (आयपी वाटणाऱ्या सेवेपर्यंत) मशीन पोचलेलंच नाही, तेव्हा ब्राउझरशी खेळण्यात वेळ घालवू नका.

पासवर्डचे कॉल पावसाशी संबंधित नाहीत, पण सर्वांत जास्त फिरून येतात. पासवर्ड बदलल्यावर दर तासाला खातं लॉक होत असेल तर जुना पासवर्ड कुठेतरी साठलेला आहे: फोनमधला मेल, क्रेडेन्शियल मॅनेजर, मॅप केलेला ड्राइव्ह. डोमेन कंट्रोलरवर (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर) इव्हेंट ४७४० बघितला की लॉक कोणत्या मशीनवरून होतंय त्याचं नाव मिळतं. आणि आपल्याकडे मराठी टायपिंग करणारे युजर भरपूर आहेत, म्हणून 'पासवर्ड चुकतोय' म्हटल्यावर कीबोर्ड इनस्क्रिप्टवर (मराठी मांडणीवर) तर राहिला नाही ना, हे विंडोज आणि स्पेस दाबून आधी बघा.

फोनवर विचारायचे प्रश्न थोडे आणि ठरलेले ठेवा. "मॅडम, स्क्रीनवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं वाचता का?" "काल संध्याकाळी चालत होतं का?" "मधे लाइट गेली होती का?" "शेजारच्या मशीनवरही असंच होतंय का?" यांतला तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही आणि वरचे निम्मे बिघाड त्याच्या उत्तरात सापडतात. उत्तर देणारा माणूस त्याचं काम अडल्यामुळे वैतागलेला असतो, त्याला मधे तोडू नका.

क्लोज करताना 'मशीन चेक केलं, ओके' ही नोंद कोणाच्याच उपयोगाची नाही. नोंद अशी हवी: 'नो डिस्प्ले. स्लॉट २ मधली रॅम काढून रॅम अल्कोहोलने आणि स्लॉट ब्रशने साफ. मेमरी टेस्ट पास. सेल २.४ व्होल्ट, बदलला. बायोस स्टोरेज मोड एएचसीआय, आधी होता तोच. मशीन खिडकीपासून हलवायला सांगितलं, कस्टमरने अजून हलवलेलं नाही.' पुढच्या वेळी दुसरा इंजिनिअर आला तरी तो पुन्हा रॅमपासून सुरुवात करणार नाही, थेट खिडकीकडे बघेल. सही घेण्याआधी मशीन पूर्ण बंद करून युजरलाच चालू करायला सांगा, त्याच्या स्वतःच्या लॉगिनने, आणि एक प्रिंट काढून घ्या.