आमची वाटचाल : सीलिंगवाल्याला वेळापत्रक कशाला?

मिरजेत तंबोरे करणाऱ्या कारागिरांच्या वस्तीपासून आमचं वर्कशॉप हाकेच्या अंतरावर. ती मंडळी भोपळ्यावर टिचकी मारून तो कसा बोलेल ते ओळखतात. आम्ही मात्र पहिली सहा वर्षं नुसती पीओपीची फॉल्स सीलिंगं ठोकली. लेव्हल जमली, लाइट बसले की काम संपलं.

मग एका शाळेचं काम आलं. मधल्या भिंती काढून तीन वर्ग एकत्र भरतील असा एकच मोकळा हॉल केलेला : 20 बाय 12 मीटर, उंची साडेतीन. खाली व्हिट्रिफाइड टाइल, एका बाजूला पूर्ण काच, वर उघडा स्लॅब. मधोमध उभं राहून टाळी वाजवली तर ती दोनेक सेकंद घोळत राहिली. दुपारपर्यंत बाईंचे घसे बसत. आम्ही भिंतींवर रंगीत फेल्टचे 40 चौरस मीटर पॅनेल लावले. फोटो झकास आले, बिलही मिळालं.

पंधरा दिवसांत मुख्याध्यापिकांचा फोन. "अहो, आता शेजारच्या वर्गाचे पाढे स्वच्छ ऐकू येतात. आधी निदान नुसता गोंगाट तरी होता!"

चूक आमचीच. घुमणं थोडं उतरलं, तसे शब्द उजळले, शेजारचेही. आणि मुलाचं लक्ष गोंगाटापेक्षा कळणाऱ्या शब्दाकडे आधी जातं.

तेव्हा कुठे अभ्यासाला बसलो. 1895 साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात आवाज साडेपाच सेकंद घुमायचा. तिथेच भौतिकशास्त्र शिकवणारा वॉलेस सबाइन रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून तिथे मोजत बसायचा. आवाज किती सेकंद घुमेल, त्याचं त्यातून निघालेलं गणित सोपं आहे : खोलीचं घनफळ गुणिले 0.161, भागिले आवाज शोषून घेणारं एकूण क्षेत्रफळ. आमच्या हॉलमध्ये घुमणं 0.8 सेकंदावर आणायचं तर आवाज शोषणारं असं जवळजवळ 170 चौरस मीटर क्षेत्रफळ लागत होतं. भिंतीवरचे पॅनेल त्यापुढे चटणीइतके. इंग्लंडच्या शाळांच्या नियमावलीत तर मोकळ्या वर्गाला दोन अटी आहेत. शब्द किती कळतात त्याचा एक आकडा असतो, 0 ते 1. आपल्या गटात तो निदान 0.6 हवा, शेजारच्या गटात 0.3 च्या वर जाता कामा नये.

पदरचे पैसे घालून काम पुन्हा केलं. सीलिंगभर रॉकवूलचे, म्हणजे दगडाच्या तंतूंच्या लोकरीचे, 50 मिलिमीटर जाडीचे, कापड चढवलेले बोर्ड टांगले, स्लॅबपासून 100 मिलिमीटर पोकळी सोडून. खर्जातल्या जाडसर आवाजांना ती पोकळी लागतेच. वर्गांच्या मध्ये उंच कपाटं, त्यांच्या पाठीला फेल्ट. लिहायचे फळे असे फिरवले की एका बाईंचं तोंड दुसऱ्या वर्गाकडे नको. सगळ्यांत स्वस्त इलाज खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचं, आणि खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी फरक जाणवला तो त्यांचाच.

अंड्यांचे ट्रे लावून द्या म्हणणारे अजून भेटतात. तारस्वराचं थोडंफार शोषण सोडलं तर त्यांचा उपयोग नाही, वर आगीची भीती. कोकणातल्या पत्र्याच्या शाळेला तर आम्ही स्पष्टच सांगतो : पावसाचा ताशा भिंतीवरच्या पॅनेलनं थांबणार नाही, इलाज पत्र्यालाच करायला हवा. त्यात दोनचार कामं हातची गेली.

तरी एक दुखणं उरलंच होतं. गोष्टीच्या तासाला शेजारी पाढे चालले, तर कितीही बोर्ड टांगा, गोष्ट हरते. म्हणून आता कोटेशन देण्याआधी आम्ही शाळेचं वेळापत्रक मागतो. परवा एक ट्रस्टी हसले, म्हणाले, "सीलिंगवाल्याला वेळापत्रक कशाला?" मी त्यांना हॉलच्या मधोमध उभं केलं आणि टाळी वाजवायला सांगितली.